मातीची परीक्षा अठ्ठावीस दिवसांत संपत नाही

प्रतिजैविकांचा विषय निघाला की चर्चा हटकून एकाच दिशेने जाते: औषधांना दाद न देणारे जिवाणू. तसे होणे साहजिक आहे. २०१९ या एका वर्षात अशा जिवाणूंच्या संसर्गामुळे थेट दगावलेल्यांचा जागतिक अंदाज सुमारे १२.७ लाख आहे. एवढा आकडा समोर असताना दुसरे काही सुचू नये यात नवल नाही. पण या चर्चेत माती आलीच, तर ती रोधक जनुकांचे कोठार म्हणून येते. माती स्वतः दिवसरात्र राबत असते, तिच्या कामाचा मोठा भाग जिवाणू उरकतात, आणि जिवाणूंना मारायला किंवा थोपवायलाच बनवलेले रसायन मातीतल्या जिवाणूंनाही सोडत नाही. याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही.

मातीतल्या नत्रचक्रावर प्रतिजैविकांच्या अवशेषांचा काय परिणाम होतो, हा प्रश्न औषधरोधाच्या प्रश्नाचे शेपूट म्हणून हाताळणे थांबवले पाहिजे, असे माझे मत आहे. त्याहून नेमके सांगायचे तर, पशुवैद्यकीय औषधाला मंजुरी देताना मातीच्या जिवाणूंची जी चाचणी ग्राह्य धरली जाते, ती फार थोडे विचारते. तिने दिलेले उत्तर खरे असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो.

आधी ही औषधे शेतात पोचतात कशी ते पाहू. जगात विकल्या जाणाऱ्या सूक्ष्मजीवरोधक औषधांपैकी जवळपास तीन चतुर्थांश औषधे अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना आणि पक्ष्यांना दिली जातात, असा अंदाज आहे. पोटात गेलेले सगळे औषध शरीर वापरत नाही. औषधानुसार ३० ते ९० टक्के भाग मलमूत्रावाटे जसाच्या तसा किंवा अजून सक्रिय असलेल्या रूपात बाहेर पडतो. हे मलमूत्र खत म्हणून शेतात जाते. माणसांनी घेतलेल्या औषधांचा रस्ता थोडा लांबचा आहे: सांडपाणी, शुद्धीकरण केंद्र, तिथला गाळ, आणि तो गाळ किंवा प्रक्रिया केलेले पाणी पुन्हा शेतात. सल्फाडायझिनसारख्या औषधाची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. शरीर त्याला ॲसिटिल गट जोडून निष्क्रिय करते आणि बाहेर टाकते. पण खताच्या हौदात साठवणुकीच्या काळात जिवाणू तो गट तोडतात आणि मूळ औषध पुन्हा जिवंत होते. म्हणजे जनावराच्या शरीरातून बाहेर पडताना मोजले तर एक आकडा मिळतो, आणि हौद उपसताना मोजले तर दुसरा.

मातीत पडल्यावर सगळी औषधे सारखी वागत नाहीत. पेनिसिलिनच्या रेणूतले बीटा-लॅक्टम कडे नाजूक असते, ते लवकर तुटते. टेट्रासायक्लिन चिकणमातीला आणि सेंद्रिय पदार्थांना घट्ट चिकटून बसते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांच्या आयनांशी त्याची जोडी चांगली जमते. सिप्रोफ्लॉक्सासिन, एन्रोफ्लॉक्सासिन या फ्लुरोक्विनोलोन गटातल्या औषधांचीही तशीच चिकट वृत्ती, आणि वर टिकाऊपणाही: मातीत ती महिनोन्महिने राहतात. सल्फोनामाइड गट उलट बाजूचा. तो मातीला फारसा धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि भूजलापर्यंत जातो. चिकटून बसलेले औषध निरुपद्रवी झाले असे पुष्कळदा धरले जाते. ते अर्धेच खरे आहे. मातीचा सामू (आम्ल-अल्कतेचे माप, पीएच) बदलला, पाणी साचले, वरून ताजे शेणखत पडले, की चिकटलेल्यातला काही भाग सुटतो.

आता ज्यांच्यावर हे सगळे येऊन पडते त्यांच्याकडे वळू. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला तो तसा घेता येत नाही. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठीतले रायझोबियम आणि मातीतले काही स्वतंत्र जिवाणू तो बांधून देतात. मेलेल्या पाल्यातून, मुळांतून, शेणातून अमोनियम सुटते. मग अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट होते, हे नायट्रीकरण. पुढे जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथे दुसरे जिवाणू नायट्रेटचा ऑक्सिजन श्वसनासाठी वापरतात आणि नत्र टप्प्याटप्प्याने हवेत परत जातो, हे विनायट्रीकरण. शाळेच्या पुस्तकात हे चार बाण काढलेले असतात आणि ते सारख्याच जाडीचे दिसतात. प्रत्यक्षात या कामांवरचे मनुष्यबळ फार असमान आहे. पाला कुजवायला हजारो जातींचे जिवाणू आणि बुरशा हजर असतात. त्यांतले काही मेले तरी इतर ते काम उचलतात. अमोनियाचे नायट्राइट करणारे मात्र मोजकेच: नायट्रोसोमोनास, नायट्रोसोस्पायरा यांसारखे जिवाणू, त्यांच्याच जोडीचे आर्किया (दिसायला जिवाणूंसारखे, पण वेगळ्या कुळाचे एकपेशीय जीव), आणि अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचे सगळे काम एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा, ज्यांचा शोध २०१५ मध्ये लागला. सर्गेई विनोग्रादस्कींनी १८९० च्या सुमारास नायट्रीकरण करणारे जिवाणू पहिल्यांदा वेगळे काढले, तेव्हाच त्यांचा संथपणा लक्षात आला होता. प्रयोगशाळेतला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. या मंडळींना अनुकूल परिस्थितीतही कित्येक तास, कधी काही दिवस लागतात. एकदा संख्या घटली की ती भरून यायला वेळ जातो. ज्या कामावर माणसे कमी आणि बदली मिळायला उशीर, तिथेच औषधाचा धक्का आधी जाणवणार.

विनायट्रीकरणाच्या शेवटच्या पायरीकडे मला वाचकाचे लक्ष विशेष ओढायचे आहे. नायट्रेट, नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी निरुपद्रवी नत्रवायू अशी ही साखळी आहे. नायट्रस ऑक्साइडचे नत्रात रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) एकच, आणि विनायट्रीकरण करू शकणाऱ्या जिवाणूंपैकी सुमारे एक तृतीयांशांकडे त्याचे जनुकच नसते. म्हणजे ही साखळी पुरी व्हायला वेगवेगळ्या जिवाणूंनी एकमेकांच्या हातात काम सोपवत जावे लागते. मधला एखादा गळला, तर नत्र नायट्रस ऑक्साइडवरच अडतो आणि निसटतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरून ठेवतो, वातावरणात शंभराहून अधिक वर्षे टिकतो, आणि वर पोचल्यावर ओझोनचा थरही खातो. औद्योगिक काळापूर्वी त्याचे हवेतले प्रमाण अब्जात सुमारे २७० भाग होते, आता ते ३३५ च्या पुढे गेले आहे. या वाढीचा मुख्य स्रोत शेतजमिनीत पडणारा नत्र आहे, मग तो खताच्या पोत्यातून येवो की शेणातून.

प्रतिजैविके या साखळीत नेमकी कुठे बोट घालतात? सल्फोनामाइड गट जिवाणूंना फोलेट हे वाढीला लागणारे जीवनसत्त्व तयार करू देत नाही, टेट्रासायक्लिन प्रथिने बनवण्याचे काम अडवते, फ्लुरोक्विनोलोन डीएनएची पिळे सोडवणारे विकर बंद पाडते. यांतला एकही मार्ग रोगजंतूंपुरता राखीव नाही. डुकरांच्या खताबरोबर सल्फाडायझिन मातीत मिसळून केलेल्या प्रयोगांत अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारे जिवाणू मागे पडले आणि आर्कियांचा वाटा वाढला. आर्कियांची पेशीभित्ती आणि पेशीयंत्रणा जिवाणूंहून वेगळी असल्यामुळे जिवाणूंसाठी बनवलेली कित्येक औषधे त्यांना लागत नाहीत. वरवर पाहता ही चांगली बातमी वाटते: एक गडी पडला, दुसऱ्याने काम धरले. पण आर्किया साधारणपणे कमी अमोनियम असलेल्या जागी रमतात, आणि खत पडलेली शेतजमीन म्हणजे अमोनियमचा पूर. तिथे मोठा वाटा जिवाणूच उचलतात. त्यामुळे ही अदलाबदल नेहमी एकास एक होईल असे समजता येत नाही.

दुसरी अदलाबदल जास्त काळजीची आहे. जिवाणू मागे हटले की मातीत बुरशीला जागा मिळते. प्रतिजैविकांच्या कित्येक प्रयोगांत बुरशीचा वाटा जिवाणूंच्या तुलनेत वाढलेला दिसला आहे. बुरशीतल्या काही जातीही विनायट्रीकरण करतात. पण त्यांच्याकडे नायट्रस ऑक्साइडचे नत्र करणारे विकर नसते. त्यांचे काम जिथे थांबते, तिथे वायू नेमका नको तोच असतो.

आता चाचणीकडे. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेची २१६ क्रमांकाची मार्गदर्शिका २००० साली स्वीकारली गेली. मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या नत्र-रूपांतरावर एखाद्या रसायनाचा परिणाम मोजण्याची ती प्रमाण पद्धत आहे, आणि पशुवैद्यकीय औषधांच्या पर्यावरणीय तपासणीचे आंतरराष्ट्रीय नियमही तिच्यावरच टेकलेले आहेत. ती करतात कशी ते जवळून पाहण्यासारखे आहे. शेतातून माती आणतात आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. त्यात लसूणघासाची पूड मिसळतात, म्हणजे जिवाणूंना नत्राचा पुरवठा होतो. एका भागात औषध घालतात, दुसरा भाग तसाच ठेवतात. मातीत पाणी इतकेच राखतात की हवा खेळती राहील. वीस अंश सेल्सियसच्या आसपास अंधारात ठेवून ठरलेल्या दिवशी थोडी माती काढतात, तिच्यातला नायट्रेट क्षाराच्या द्रावणात उतरवून मोजतात. अठ्ठाविसाव्या दिवशी दोन्ही भागांतल्या नायट्रेट तयार होण्याच्या वेगात २५ टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल, तर मातीच्या नत्र-रूपांतरावर दीर्घकालीन परिणाम नाही असे धरले जाते. फरक जास्त असेल, तर चाचणी कमाल शंभर दिवसांपर्यंत लांबवतात.

पद्धत म्हणून ती नेटकी आहे. कुठल्याही प्रयोगशाळेत करता येते आणि निकालांची तुलना होऊ शकते. ज्या काळात मातीच्या जिवाणूंची दखलच घेतली जात नव्हती, त्या काळात ती आली याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. माझी तक्रार तिने न विचारलेल्या गोष्टींबद्दल आहे. ती फक्त एवढे विचारते: नायट्रेट तयार झाले का? ते कोणी केले, हे विचारत नाही. जिवाणूंनी केले की आर्कियांनी, पूर्वीइतक्या जाती शिल्लक आहेत की दोन-चारांवर सगळा भार आला आहे, हे तिला दिसत नाही. पीठ पडते आहे एवढे पाहून जाते शाबूत आहे असे म्हणता येत नाही. माती खेळत्या हवेत ठेवल्यामुळे विनायट्रीकरण जवळपास घडतच नाही, आणि घडले तरी त्यातून निघणारा वायू कुणी पकडत नाही. म्हणजे ज्या पायरीवर हवामानाचा खरा धोका आहे, ती पायरी चाचणीच्या बाहेरच राहते.

याहून मोठी अडचण मातीच्या निवडीत आहे. मार्गदर्शिकेनुसार माती वालुकामय हवी, सेंद्रिय कर्ब कमी हवा, आणि तिच्यात निदान सहा महिने सेंद्रिय खत पडलेले नसावे. यामागचा हेतू प्रामाणिक आहे. अशा मातीत औषध कमी चिकटते, म्हणून जिवाणूंपर्यंत जास्त पोचते, आणि आधीच्या कशाचा गोंधळ निकालात येत नाही. पण पशुवैद्यकीय औषध शेतात येते ते शेणखताच्या पोटात बसून. ते येते तेव्हा त्याच्याबरोबर कर्ब येतो, अमोनियम येते, जनावराच्या आतड्यातले जिवाणू येतात, बहुधा तांबे-जस्तही येते आणि एकाच वेळी दुसरी दोन-तीन औषधेही येतात. शिवाय ते एकदा येऊन थांबत नाही, दरवर्षी येत राहते. चाचणीत एकच औषध, एकदाच, स्वच्छ मातीत. प्रत्यक्ष शेतात या तिन्ही गोष्टींचे उलट.

चाळणीची गोष्टही किरकोळ नाही. शेतातले एक ढेकूळ हातात घेऊन मधोमध फोडले, तर बाहेरची कड आणि आतला गाभा यांत फरक दिसतो. ओल आत जास्त असते, हवा कमी. ढेकळाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन मिळतो म्हणून तिथे नायट्रीकरण चालते. तयार झालेला नायट्रेट पाण्याबरोबर आत झिरपतो आणि काही मिलिमीटर आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे विनायट्रीकरण होते. एवढ्याशा अंतरात दोन परस्परविरुद्ध कामे शेजारी शेजारी चाललेली असतात आणि त्यांचा मेळ बसला तरच नत्राचा हिशेब जुळतो. टेट्रासायक्लिनसारखे चिकट औषध खतातून उतरते तेव्हा ते आधी ढेकळाच्या बाहेरच्या कडेवर बसते, गाभ्यापर्यंत उशिरा जाते किंवा जातच नाही. म्हणजे ढेकळाच्या कडेवरच्या जिवाणूला मिळणारा डोस संपूर्ण शेताच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. माती चाळून एकजीव केली की हा सगळा नकाशा पुसला जातो, आणि मग जो आकडा हाती येतो तो अशा मातीचा असतो जी कुठल्याच शेतात नाही.

या मताला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत. पहिला आणि सर्वांत जोरकस मुद्दा मात्रेचा. प्रयोगशाळेत नत्रचक्र कोलमडल्याचे दाखवणारे बरेच प्रयोग किलोभर मातीत दहा-शंभर मिलिग्रॅम औषध घालून केलेले असतात. शेतात ते साधारणपणे मायक्रोग्रॅममध्ये सापडते. हे खरे आहे, आणि अशा प्रयोगांवरून शेत उजाड होणार अशी हाकाटी करणाऱ्यांनी या विषयाचे नुकसानच केले आहे. पण कमी मात्रेचे पुरावेही आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉड इथे सांडपाण्यामुळे दूषित झालेल्या भूजलाचा दीर्घकाळ अभ्यास चालू आहे. तिथल्या भूजलातून वाढवलेल्या जिवाणूंवर सल्फामेथोक्साझोल लिटरला मायक्रोग्रॅमच्या पातळीवर दिले, तरी नायट्रेटचे विघटन मंदावले. भूजलात नायट्रेट कमी होण्याचा मुख्य मार्ग तोच, त्यामुळे ही मंदी थेट पिण्याच्या पाण्याशी निगडित आहे. अमेरिकेतच औषध दिलेल्या आणि न दिलेल्या गाईंचे शेण तीन वर्षे जमिनीवर टाकून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे वरून औषध ओतलेले नव्हते. गाईला उपचारासाठी देतात तेच औषध आणि तिच्याच शेणातून जेवढे आले तेवढे. तरीही जमिनीच्या कर्बवापराची कार्यक्षमता घटली आणि नत्राचा प्रवास बदलला.

दुसरा मुद्दा: प्रतिजैविके मुळात मातीचीच आहेत, मग माती त्यांना का घाबरेल? स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासूनच मिळाले. क्लोरटेट्रासायक्लिनही मातीच्याच जिवाणूची देणगी. हे ऐकायला पटते. पण मातीतला जिवाणू ते सोडतो ते स्वतःच्या आजूबाजूच्या काही मायक्रॉनमध्ये, अत्यल्प प्रमाणात, कधी शत्रूला हटवायला तर कधी नुसता संदेश म्हणून. संपूर्ण शेतावर एकाच हंगामात पसरलेला डोस ही वेगळी घटना आहे. आणि सल्फोनामाइड व फ्लुरोक्विनोलोन हे दोन्ही गट माणसाने प्रयोगशाळेत घडवलेले आहेत. त्यांना मातीचे जुने सोबती म्हणता येणार नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो अर्धा माझ्या बाजूचा आहे: माती शिकते. कॅनडात ऑन्टारिओमध्ये एका प्रयोगक्षेत्रावर वर्षानुवर्षे सल्फामेथाझिन, टायलोसिन आणि क्लोरटेट्रासायक्लिन घातले गेले. कित्येक वर्षांनी त्या मातीत पहिली दोन औषधे कोऱ्या मातीपेक्षा लवकर नाहीशी होऊ लागली. त्या मातीतून मायक्रोबॅक्टेरियम वंशाचा एक जिवाणूही मिळाला, जो सल्फामेथाझिन खाऊन जगतो. मातीच्या या ताकदीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. पण त्या निकालाकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक, हे शिकणे सगळ्या औषधांच्या बाबतीत झाले नाही. दोन, माती औषध पचवायला शिकली म्हणजे तिचे नत्राचे काम आधीसारखे राहिले असे होत नाही; ज्या जाती तगल्या त्यांच्याकडून झालेले ते शिक्षण आहे, आणि ज्या गेल्या त्यांचे काय, हा प्रश्न तसाच उरतो. शिवाय औषध मोडणारा आणि औषधाला दाद न देणारा जिवाणू यांच्यातली रेष फार पुसट असते. अशा शिकलेल्या मातीवर समाधान मानायचे, तर औषधरोधाच्या चर्चेत आपण ज्याला संकट म्हणतो त्यालाच इथे उपाय म्हणावे लागेल.

चौथा मुद्दा शेतीशास्त्राची बारकाई जाणणाऱ्यांकडून येतो. नायट्रीकरण मंदावणे वाईटच कशावरून? शेतकरी स्वतः पैसे देऊन नायट्रापायरिन, डायसायनडायअमाइड यांसारखी नायट्रीकरण रोखणारी रसायने वापरतात, म्हणजे नत्र नायट्रेट होऊन वाहून जाण्याऐवजी अमोनियमच्या रूपात मुळांशी टिकून राहतो. मुद्दा बिनतोड वाटतो, पण फरक नेमकेपणाचा आहे. ही रसायने मुख्यत्वे अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारे विकर अडवतात, मात्रा ठरलेली असते, वेळ पिकाच्या गरजेनुसार निवडलेली असते. प्रतिजैविक पहिली पायरी अडवेल की दुसरी, हे औषधावर आणि मातीवर अवलंबून आहे. दुसरी अडली तर नायट्राइट साचतो, मुळांना त्रास होतो आणि नायट्रस ऑक्साइडचा रस्ता उघडतो. चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत पहिली अडली तर साचलेले अमोनियम अमोनिया होऊन उडून जाते. अपघाताने घडणाऱ्या गोष्टीला नियोजित उपायाचे नाव देता येत नाही.

मग करायचे काय? औषधे बंद करा, हे उत्तर मी देणार नाही. आजारी जनावराला औषध नाकारणे क्रूरपणा आहे. युरोपीय संघाने २००६ पासून वजन वाढवण्यासाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर बंदी आणली आणि २०२२ पासून निरोगी कळपाला सरसकट प्रतिबंधक औषध देण्यावरही निर्बंध घातले. हा रस्ता बरोबर आहे, कारण मातीत पोचणाऱ्या औषधातला सर्वांत निरर्थक भाग तोच. गरज नसताना दिलेल्या औषधाने ना जनावराचे भले होते ना मातीचे.

खत शेतात टाकण्याआधी कुजवणे हा दुसरा उपाय. ढीग चांगला तापला, पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस राहिला, वेळेवर पालटला, तर टेट्रासायक्लिनचे आणि सल्फोनामाइडचे प्रमाण काही आठवड्यांत बरेच खाली येते. फ्लुरोक्विनोलोन मात्र हट्टी आहेत. आणि या उपायाची एक किंमत आहे जी त्याचे समर्थक क्वचित सांगतात: तापलेल्या ढिगातून अमोनिया उडतो आणि खतातला नत्र कमी होतो. मातीचे नत्रचक्र वाचवायला निघालो आणि त्यातच नत्र घालवला, असे होऊ नये म्हणून ढिगात काडीकचरा घालून कर्ब-नत्र गुणोत्तर वाढवावे लागते, ढीग झाकावा लागतो. हे कष्ट आणि खर्च शेतकऱ्याच्या गळ्यात पडतात, तर औषध विकल्याचा नफा दुसरीकडे जातो. खत कुजवण्याची सोय उभारण्याच्या खर्चात औषध बनवणाऱ्यांचा वाटा असावा, ही मागणी मला रास्त वाटते.

पण माझा मूळ आग्रह चाचणीचा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत एक उंबरठा आहे: पशुवैद्यकीय औषधाचे मातीतले अंदाजित प्रमाण किलोला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल, तर बहुतेक औषधांची पुढची तपासणी करावीच लागत नाही. हा हिशेब प्रत्येक औषधाचा सुटा होतो. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची तीन औषधे एकाच शेतात प्रत्येकी नव्वद मायक्रोग्रॅमने पोचली, तर तिन्ही उंबरठ्याच्या आत आणि मातीवर मात्र २७० मायक्रोग्रॅमचा भार. एकाच पद्धतीने काम करणाऱ्या औषधांची तरी बेरीज करूनच उंबरठा लावला पाहिजे.

उंबरठा ओलांडणाऱ्या औषधांसाठी २१६ क्रमांकाची चाचणी राहू द्यावी. ती काढून टाकण्यात अर्थ नाही. तिच्या जोडीला तीन गोष्टी हव्यात. औषध खतात मिसळून, ज्या जमिनीत आधी खत पडलेले आहे अशा न चाळलेल्या मातीत तपासावे. ओल वाढवून, ऑक्सिजन कमी करून निघणारा नायट्रस ऑक्साइड मोजावा; वायू मोजण्याची उपकरणे आता मृदाविज्ञानाच्या प्रयोगशाळांत सर्रास असतात. आणि औषधाचा डोस एकदा देऊन थांबू नये, निदान तीनदा द्यावा, म्हणजे माती सावरते की दरवेळी थोडी खाली उतरते ते कळेल. अमोनिया ऑक्सिडीकरणाच्या आणि नायट्रस ऑक्साइडच्या अखेरच्या पायरीच्या जनुकांची संख्या मोजणे आज नेहमीचे काम झाले आहे, त्याचा खर्च औषध बाजारात आणण्याच्या एकूण खर्चात उठूनही दिसणार नाही.

जुन्या औषधांचे काय, हा शेवटचा आणि सगळ्यांत अवघड प्रश्न. टेट्रासायक्लिन, सल्फोनामाइड ही औषधे अनेक दशकांपूर्वी बाजारात आली, तेव्हा पर्यावरणाची तपासणी मागितलीच जात नव्हती. आज सर्वाधिक खपणाऱ्यांत तीच आहेत. नंतर एखाद्या कंपनीने आपल्या उत्पादनासाठी मातीची चाचणी केलीच, तर ती माहिती त्या कंपनीची मालमत्ता राहते; तोच घटक विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीला, संशोधकाला, शेतकऱ्याला ती मिळत नाही. युरोपात यावर उत्पादनाऐवजी औषधी घटकाचा एकच, सर्वांसाठी उघडा दस्तऐवज असावा अशी कल्पना कित्येक वर्षे चर्चेत आहे. एका घटकाची मातीतली वागणूक एकदाच नीट तपासायची, खर्च तो घटक विकणाऱ्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा, आणि निकाल जगजाहीर ठेवायचा. सुरुवात नव्या औषधांपासून करायची की जुन्यांपासून, यावर मतभेद होतील. मी जुन्यांपासून म्हणेन, आणि त्यातही सल्फोनामाइड आणि टेट्रासायक्लिन आधी, कारण मातीत आज पडत असलेले खत त्यांचेच अवशेष घेऊन येत आहे.